लंडनमध्ये मी आर्किटेक्ट नाही

इथे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला मला कायद्याने मनाई आहे, हे बडोद्यात कुणाला पटत नाही. एम. एस. युनिव्हर्सिटीची पाच वर्षांची पदवी आहे, दांडिया बाजारातल्या ऑफिसचा अनुभव आहे. "मग तिथे करतेस तरी काय?" असं आत्याने फोनवर विचारलंच. आपल्याकडेही १९७२च्या कायद्याने ही उपाधी राखीव आहे, पण इथे १९९७च्या कायद्याला लोक खरंच बिचकून असतात. आधी पदवीची समकक्षता, मग पार्ट थ्री ही व्यावसायिक परीक्षा, मग आर्किटेक्ट्सच्या रजिस्टरवर नाव. तोवर ईमेलखाली 'आर्किटेक्चरल असिस्टंट'.

त्यासाठी दर तीन महिन्यांनी कामाची नोंद भरायची असते: कुठल्या टप्प्यावर किती तास, काय शिकले, काय राहिलं. वरिष्ठ त्यावर शेरा लिहून सही करतात. माझ्या नोंदीत नुसती दारं-खिडक्यांची शेड्यूल्स, म्हणजे याद्या, दिसायला लागली, तेव्हा मी न मागता मला साइट मीटिंगला पाठवलं गेलं. बडोद्यातले सर शिकवायचे भरपूर, पण त्यांच्या मनात येईल तेव्हा.

खरा फरक साइटवर कळला. कंत्राटदाराला बाहेरच्या भिंतीचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, बदलून हवा होता. दुसऱ्या कंपनीचा, "तसाच". आपल्याकडे हे एका फोनवर मिटतं: "चालेल, लावा." इथे २०१७मध्ये ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या आगीत ७२ माणसं गेली. भिंतीवर बाहेरून लावलेल्या आवरणामुळे, म्हणजे क्लॅडिंगमुळे, ती आग भराभर पसरली होती. त्यानंतर इमारतींच्या सुरक्षेचा २०२२चा कायदा आला. आता किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली निवासी इमारतीचं काम नियामकाच्या मंजुरीशिवाय सुरूच होत नाही, आणि नंतरचा प्रत्येक बदल कागदावर यावा लागतो. त्या एका थरासाठी चाचणीचे अहवाल, फायर इंजिनिअरचं मत, ड्रॉइंगला नवा रिव्हिजन नंबर. आमचे मिस्त्रीकाका पोट धरून हसले असते. मलाही वैताग येतो, पण ही किचकट पद्धत मला आवडायला लागली आहे.

बाकी साडेपाचला सगळे घरी जातात, हा गैरसमज सोडा. ४८ तासांच्या आठवड्याची मर्यादा मला लागू नको, अशी सही बऱ्याच फर्म्स करारासोबतच घेतात. सबमिशनच्या आठवड्यात जागरणं इथेही होतात, फक्त चहा आपला आपण करायचा.

ज्युनिअर्स विचारतात, तयारी काय करू? कॉलेजच्या शीट्स फेकू नका, पोर्टफोलिओला लागतात. माझ्या आईने दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला काढल्या होत्या. रद्दीवाला उशिरा आला म्हणून वाचल्या.