२२ फेब्रुवारीची शेकोटी

आमच्या शाळेच्या स्काऊट पथकाची शेकोटी दरवर्षी २२ फेब्रुवारीला असते. वार कोणताही असो, दहावीची सराव परीक्षा चालू असो, तारीख हलत नाही. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचा हा जन्मदिवस. ते १८५७ सालचे आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह १८८९ सालच्या, पण वाढदिवस दोघांचा एकच. जगभरातले स्काऊट-गाईड हा दिवस चिंतन दिन म्हणून पाळतात. लालबाग-परळच्या आमच्या भागात मात्र त्याला नुसतं ‘शेकोटी’ म्हणतात. ‘शेकोटीला येतोयस ना?’ एवढं विचारलं की कळतं.

मैदान म्हणजे शाळेचं छोटंसं पटांगण. तीन बाजूंना वर्ग आणि चौथ्या बाजूला चाळीची मागची भिंत. फरशी तडकू नये म्हणून आधी वाळूचा जाड थर टाकायचा. लाकडं म्हणजे सुताराकडच्या ढलप्या आणि फळांच्या पेट्यांच्या फळ्या. त्या तंबूसारख्या उभ्या रचायच्या, आत बारीक काटक्या. प्रवेशाची कमान दरवर्षी एका संघाकडे असते. उभ्या लाठीला क्लोव्ह हिचची गाठ, मग आडव्या लाठीसकट तीन घट्ट वेढे, मग दोन लाठ्यांच्या मधून आवळणारे दोन फेरे, शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. असा प्रत्येक सांधा बांधायचा. पथक चालवणारे आमचे सर यायचे, काही न बोलता कमान दोन्ही हातांनी धरून हलवायचे. कुरकुरली की सगळे दोर सोडून पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी बिनभांड्याच्या स्वयंपाकाची स्पर्धा. लाठीच्या टोकाला कणीक गुंडाळून भाजायची, निखाऱ्यात वांगी आणि बटाटे पुरायचे, अर्ध्या संत्र्याच्या सालीत अंडं फोडून ती निखाऱ्यावर ठेवायची. त्या अंड्याला संत्र्याचा जो वास लागतो तो आमच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नाकात बसलेला आहे. अंधार पडला की सर्वधर्म प्रार्थना, मग अग्नी, मग गाणी, नकला, आरोळ्या. भाषण कुणाचंही नाही. पुढे मुलं बसतात, माजी स्काऊट मागे. माजी स्काऊट नगरसेवक झालेला असला तरी मागेच.

हे पथक कसं टिकलं, असं मला बरेचजण विचारतात. आजूबाजूच्या कितीतरी शाळांतली पथकं कागदावर उरली किंवा कागदावरूनही गेली. माझं उत्तर नेहमी एकच असतं: संघनायकांमुळे. सहा ते आठ मुलांचा एक संघ आणि त्यांच्यातलाच एक नायक, ही बेडन-पॉवेल यांची मूळ कल्पना. १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर झालं तेव्हाही मुलांचे चार संघच पाडले होते. बऱ्याच ठिकाणी संघनायक म्हणजे रांगेत पुढे उभा राहणारा मुलगा, बस्स. आमच्या सरांनी त्याला खरोखरचं काम दिलं, आणि त्याचं मोल कळलं ते वाईट दिवसांत.

१८ जानेवारी १९८२ ला, सोमवारी, गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर पाच आठवड्यांनी, सोमवारीच, शेकोटी आली. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपात उतरले होते आणि आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे वडील त्यात होते. पण महिना-दोन महिन्यांत मिटेल, असं तेव्हा घराघरात धरलं होतं. वर्गणी नेहमीसारखी जमली, शेकोटी नेहमीसारखी झाली.

खरी ओढाताण पुढच्या वर्षीची. संप मिटल्याची घोषणा कधी झालीच नाही. मुलं गावाला जाऊ लागली. कुणी कणकवलीला, कुणी पाटणला, कुणी आजऱ्याला. दाखले निघत राहिले. जी राहिली त्यांतल्या काहींनी पहाटे पेपरची लाईन धरली, काही संध्याकाळी हॉटेलात फडकं मारायला लागली. वाघ, गरुड, हत्ती आणि मोर या चार संघांपैकी गरुड आणि मोर एवढेच उरले, तेही बाकीच्यांना सामावून घेऊन. सरांच्या घरीही वडिलांचा गिरणीचाच पगार होता. तो थांबल्यावर सर संध्याकाळच्या शिकवण्या घेऊ लागले. शनिवारच्या सभेला त्यांना येता येईना.

तेव्हा सरांनी सामानाच्या कपाटाची किल्ली गरुड संघाच्या नायकाकडे दिली. तो नववीत होता. मी सातवीत. शनिवारी पाच वाजता तो कपाट उघडायचा, दोर मोजून द्यायचा, सात वाजता मोजून परत घ्यायचा. पेपर टाकणारा पोरगा जांभया देत आला तरी त्याला ओरडायचा नाही, हजेरी घ्यायला लावायचा, म्हणजे तो जागा राहील. दोन्ही नायक आणि त्यांचे सहाय्यक यांची कोर्ट ऑफ ऑनर, म्हणजे पथकाचे निर्णय घेणारी बैठक, जिन्याखाली बसायची. गणवेश नसला तरी चालेल, स्कार्फ पाहिजे, हा निर्णय तिथलाच. एका मुलाच्या आईने मांजरपाट रंगवून सगळ्यांचे स्कार्फ शिवले आणि तिची शिलाई पथकाने खरी कमाईतून दिली. पोरांनी ठरवलं होतं की फुकट शिवून घ्यायचं नाही.

खरी कमाई म्हणजे स्काऊटने अंगमेहनतीने मिळवलेले पैसे. एरवी आम्ही घरोघरी जाऊन बूट पॉलिश करायचो, माळे झाडून द्यायचो. पण त्या वर्षी चाळीत कोण कुणाला पैसे देणार? मग मोर संघाने डोकं लढवलं. रद्दी मागून आणायची, मैद्याची खळ शिजवायची आणि वाण्याला कागदी पिशव्या करून द्यायच्या. एकजण दुमडायचा, एकजण बोटाने खळ फिरवायचा, तिसरा तळाची घडी दाबून व्हरांड्यात वाळत ठेवायचा. वारा सुटला की सगळे पळत सुटायचे. त्या पैशातून पथकाची वार्षिक नोंदणी झाली, दोर आले, टिंक्चर आणि बँडेज आलं.

सहलीला बसभाडं नव्हतं, म्हणून कान्हेरी रद्द करून आम्ही चालत शिवडीच्या किल्ल्यावर गेलो. पुढे गेलेल्या संघाने रस्त्यात खडूने खुणा केल्या होत्या: बाण म्हणजे या वाटेने, फुली म्हणजे इकडे नको, आणि वर्तुळात ठिपका म्हणजे ‘मी घरी गेलो’. खाडीकाठी बसून प्रत्येकाने आपला डबा मधोमध ठेवला. ज्याने डबा आणला नव्हता तो कोण, हे कळूच नये म्हणून गरुडच्या नायकाने सगळ्यांची दप्तरं आधीच एका ठिकाणी ठेवायला लावली होती. पंधरा वर्षांच्या मुलाला हे सुचलं. याला मी नेतृत्व म्हणतो.

आणि मग २२ फेब्रुवारी १९८३. त्या शेकोटीसारखी शेकोटी मी नंतर पाहिली नाही. आमचे वडील आले होते. एरवी कुणाची दुसरी पाळी, कुणाची रात्रपाळी. आपला मुलगा स्काऊटमध्ये काय करतो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी भिंतीशी रांगेने बसले, हात गुडघ्यांभोवती. सुरुवातीला अवघडलेले होते. मग मोर संघाचं गाणं बसकण घ्यायला लागलं तेव्हा मागून कुणीतरी ढोलकी ओढली आणि ठेका धरला. त्यानंतर मुलं बाजूलाच राहिली. भजनी मंडळातले गृहस्थ उठले, अभंग झाले, कोकणातल्या मंडळींनी जाखडीचे फेर धरले, माझे वडील त्यात होते. वर्षभर घरात ज्यांचा आवाज मी ऐकला नव्हता ते वडील खड्या आवाजात झील देत होते. जेवायला भाजलेले बटाटे आणि प्रत्येक घरून आलेल्या दोन-दोन भाकऱ्या. पैसे कुणाकडूनही मागितले नव्हते, हेही कोर्ट ऑफ ऑनरनेच ठरवलं होतं.

१९९३ ची शेकोटी लहान झाली. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगली होऊन गेल्या होत्या, अंधार पडल्यावर मुलांना बाहेर सोडायला कुणी तयार नव्हतं. दुपारी चार वाजता, उन्हात, लाकडं रचली आणि पेटवली. ज्वाळा दिसतच नव्हत्या, नुसता धूर. हत्ती संघातल्या एका मुलाचं कुटुंब नातेवाइकांकडे मुंब्र्याला गेलं होतं, ते परतणार की नाही ठाऊक नव्हतं. शाळेच्या पटावरून त्याचं नाव पुढे गेलं, पण संघाच्या वहीतून काढायचं नाही असं मुलांनी ठरवलं. मी तेव्हा रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाचा स्काऊट, म्हणून मदतीला असायचो. दर शनिवारी हजेरीत त्याचं नाव घेतलं जाई आणि त्याचा नायक ‘रजेवर’ म्हणे. महिन्यातून एक पोस्टकार्ड त्याला जाई, त्यावर सगळ्या संघाच्या सह्या. स्काऊट सर्वांचा मित्र आणि दुसऱ्या स्काऊटचा भाऊ असतो हा नियम आम्ही सगळ्यांनीच पाठ केला होता, त्या पोरांनी तो वापरला. पुढच्या शेकोटीला तो मुलगा थोरल्या भावाबरोबर लोकलने आला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

त्यानंतरचं संकट आवाज न करता आलं. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. चाळीतली कुटुंबं खोल्या विकून डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. जी राहिली त्यांची मुलं इंग्रजी माध्यमात. शाळेची एकेक तुकडी बंद होत गेली आणि एका वर्षी पाचवीतून पथकात यायला चारसुद्धा मुलं मिळेनात. मोर्चा नाही, कर्फ्यू नाही, त्यामुळे कुणाला धक्काही बसला नाही. मला विचाराल तर हे संपापेक्षा अवघड होतं. संपात निदान सगळे एकत्र होते.

यातून वाट काढली ती बाईंनी. त्या गाईड कंपनीच्या, म्हणजे मुलींच्या पथकाच्या, कॅप्टन. शाळेपुरतं पथक ठेवायचं नाही, ओपन ग्रुप म्हणून नोंदवायचं आणि परिसरातल्या कुठल्याही शाळेच्या मुलांना घ्यायचं, असा आग्रह त्यांनी धरला. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. ‘मग ते आपल्या शाळेचं कसं?’ हा त्यांचा प्रश्न. सरांनी, तेव्हा ते निवृत्त झाले होते, एवढंच विचारलं, ‘पथक पाहिजे की पाटी?’ ओपन ग्रुप झाला. मुलींचे जास्वंद आणि कमळ हे संघ भरले, मग मुलगेही येऊ लागले. (शाळांना निधी मिळाला की आधी बँडचं सामान घेतात. माझं कळकळीचं म्हणणं आहे, आधी दोर आणि दोन तंबू घ्या. बँड पाहायला लोक येतात, दोर धरायला मुलं येतात.)

२०२० च्या पावसाळ्यात सर गेले. आम्हाला कुणालाच जाता आलं नाही. शाळा मार्चपासून बंद, पटांगणाला कुलूप. पुढच्या वर्षी २२ फेब्रुवारी पुन्हा सोमवारीच होता, संपाच्या आणि दंगलीच्या वर्षी होता तसा. मोजक्या जणांत, अंतर ठेवून शेकोटी करू म्हणून आम्ही मोठ्यांनी तयारी चालवली होती. रविवारी मुख्यमंत्र्यांनी सोमवारपासून गर्दीच्या कार्यक्रमांना बंदी जाहीर केली. मी बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, ‘आमच्या जास्वंदच्या नायिकेने कालच सगळं लावून ठेवलंय.’

नववीतली ती मुलगी. तिने वर्षभर संघ फोनवर सांभाळला होता. घरात एकच फोन आणि तो बाबांबरोबर कामावर जातो, अशी बरीच घरं. म्हणून ती प्रत्येकीला वेगळ्या वेळेला साधा फोन करायची आणि आठवड्याची एक गाठ तोंडी सांगायची. तोंडी गाठ शिकवणं किती कठीण आहे हे करून पाहा. सोमवारी साडेसहाला प्रत्येकाने आपल्या खिडकीत पणती लावली आणि व्हिडिओ कॉलवर जमलो. स्मार्टफोन नसलेल्या दोघींना शेजारचीने आपल्या फोनजवळ साधा फोन स्पीकरवर ठेवून घेतलं होतं. स्काऊट टाळी मात्र जमेना, प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोहोचायचा. दोन वेळा गोंधळ झाल्यावर तिने हुकूम सोडला, एका वेळी एकच संघ वाजवेल, बाकीचे गप्प. चाळीस मिनिटांनी फुकटचा कॉल तुटला, सगळे पुन्हा आत आले, पुन्हा तुटला, पुन्हा आले. विरारचे, बदलापूरचे, गावाला जाऊन स्थायिक झालेले कितीतरी जुने चेहरे त्या रात्री दिसले. गरुडचा तो जुना नायक आजऱ्याहून आला होता, डोक्याचे केस गेलेले, गळ्यात मांजरपाटाचा स्कार्फ.

२०२२ ला जानेवारीच्या शेवटी शाळा उघडल्या आणि शेकोटी पुन्हा पटांगणात पेटली. सर कमान तपासायला जिथे उभे राहायचे तिथे मुलींनी खडूने वर्तुळ काढून मधे ठिपका दिला. केनियात न्येरीला बेडन-पॉवेल यांच्या थडग्यावर हीच खूण आहे.

ती जास्वंदची नायिका आता कॉलेजात आहे, रेंजर, म्हणजे मोठ्या वयाची गाईड, झाली आहे, आणि शनिवारी पाच वाजता कपाट तीच उघडते. तिचे नियम सरांपेक्षा कडक आहेत. कोर्ट ऑफ ऑनरमध्ये आम्हा मोठ्यांना बसायची परवानगी नाही, बोलावलं तरच जायचं. सध्या तीन संघ पूर्ण भरलेले आहेत आणि चौथा, हत्ती, पुन्हा उभा करायचाय. त्याला आठ मुलं हवीत. लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडीकडे कुणाच्या घरी पाचवी ते आठवीतलं मूल असेल तर शनिवारी पाठवा. शाळा कोणतीही चालेल, माध्यम कोणतंही चालेल. गणवेश लगेच शिवू नका, स्कार्फ आम्ही देऊ.