प्लंबरचं काय झालं?

भाची लीड्सला असते. तिथून यॉर्क आगगाडीनं जेमतेम अर्धा तास. मिन्स्टर या तिथल्या भव्य कॅथेड्रलचं छत मान अवघडेपर्यंत बघून झालं आणि आम्ही स्टोनगेट या रस्त्यावरून एका बोळात शिरलो. समोरून कुणी आलं तर अंग चोरावंच लागेल, एवढाच बोळ. आत बार्ली हॉल.

घर मुळात १३६० च्या सुमाराचं. पंधराव्या शतकात इथे विल्यम स्नॉसेल हा सोनार राहायचा. तो यॉर्कचा लॉर्ड मेयरही झाला. पुढे घराची रया गेली आणि विसाव्या शतकात तिथे चक्क प्लंबरचं वर्कशॉप होतं. १९८० च्या दशकात पाडापाडीची वेळ आली, तेव्हा आतलं जुनं घर लोकांच्या नजरेस पडलं. यॉर्क आर्किऑलॉजिकल ट्रस्टनं ते घेतलं, १४८३ च्या सुमाराला जसं असेल तसं पुन्हा उभं केलं आणि १९९३ मध्ये लोकांना खुलं केलं.

बरंचसं लाकूड नवं आहे, म्हणून नाकं मुरडणारेही आहेत. मला ते खटकलं नाही. तिथल्या खुर्चीवर खुशाल बसता येतं, भांडी हाताळता येतात. एका खिडकीला काचेऐवजी शिंगाचे पातळ पापुद्रे बसवलेत. बाहेरचं काही दिसत नाही. नुसता पातळ मधासारखा उजेड आत झिरपतो. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की भाची खाली जाऊन परत वर आली. सोनाराचा थाट सगळा जागच्या जागी. प्लंबरचा मात्र एक पाना कुठे दिसेना. त्यानंही इथे उमेदीची वर्षं घातली असतील की!

यॉर्कमधलंच दुसरं जुनं घर म्हणजे ट्रेझरर्स हाउस. त्याची तऱ्हा आणखी वेगळी. १८९७ मध्ये फ्रँक ग्रीन या श्रीमंत कारखानदारानं ते घेतलं. इथे मध्ययुगीन दिवाणखाना असणारच, असं त्याच्या मनानं घेतलं, म्हणून मधला मजला काढून त्यानं तो करवून घेतला. १९३० मध्ये सगळं घर सामानासकट जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला दिलं. पण जीव अडकलेलाच. कुठलं फर्निचर कुठे राहायचं, ते कळावं म्हणून जमिनीत खुणेचे खिळे ठोकून ठेवलेले!

मी वाकून ते खिळे शोधत होतो. भाची म्हणाली, "मामा, आजीला खिळे लागत नव्हते. खुर्ची बोटभर सरकली तरी स्वयंपाकघरातून हाक यायची."