बोगद्यातले मासे आणि आमचा पुरात गेलेला सकर

गेल्या रविवारी माशांच्या बोगद्याचं प्रदर्शन बघायला गेलो एकदाचे. महिनाभर रिक्षावरचा स्पीकर गल्लीत बोंबलत होता, सांगलीत पहिल्यांदाच, समुद्र तुमच्या दारात, आणि पुतण्यानं डोकं खाल्लं होतं, त्यात मिरजेचे मामा पण आलेले, म्हटलं चला सगळेच. तिकीट माणशी शंभर, पार्किंगचे वीस वेगळे, आणि आत गेल्या गेल्या पहिली गंमत ही की समुद्रातला एकसुद्धा मासा नाही. सगळे गोड्या पाण्यातले. लहानपणी शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय बघितलेलं, १९५१ सालचं, तिथं रस्ता ओलांडला की समुद्र. इथं सांगलीत खारं पाणी कोण आणून ओतणार आणि ते टिकवणार कोण, त्यामुळं मला राग बिग काही आला नाही, पण मग समुद्र म्हणू नका ना बाबा.

बोगदा मात्र भारी होता, खोटं कशाला बोलू. अ‍ॅक्रिलिकची कमान, वर निळी लाईट, मुंडी वर करून चालायचं आणि मागचा माणूस मोबाईल वर धरून आपल्या टाचेवर पाय देणार. सगळ्यात मोठा होता अरापैमा. अ‍ॅमेझॉनचा मासा, तिकडं आठ-दहा फुटांपर्यंत वाढतो म्हणे, इथला चारेक फूट असेल. अंग राखाडी पण शेपटीकडं खवल्यांच्या कडा लाल, कुंकू लावल्यासारख्या. मी तिथंच थांबलो कारण मला त्याला श्वास घेताना बघायचं होतं. ह्याला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, दर दहा-पंधरा मिनिटांनी वर येऊन तोंडानं हवा घ्यायला लागते, तिकडं पुराच्या साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो म्हणून त्याच्या पोटातली हवेची पिशवीच फुफ्फुसाचं काम करते. पुतण्या म्हणे मासा पाण्यात बुडून मरतो का? मी म्हटलं हा मरू शकतो, जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर. तो आला वर, एकदम आ वासून घोट घेतला आणि परत खाली गेला, आणि वळताना नाक काचेला घासलं. नाकाचं टोक पांढरं पडलेलं होतं. रोजच घासत असणार. ते बघितल्यावर मग मला जरा कसंतरीच झालं.

पुढच्या टाकीत अ‍ॅलिगेटर गार, बोर्डावर नाव 'मगर मासा'. लांबडं तोंड, सुया लावल्यासारखे दात. लोकं जाम घाबरायचा अ‍ॅक्टिंग करत होते. आता सांगलीकरानं ह्याला घाबरायचं म्हणजे कमाल आहे, आमच्याकडं भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात खऱ्या मगरी नदीकाठावर ऊन खात पडलेल्या असतात, ते पण बिनतिकिटाच्या! हा गार अमेरिकेतल्या मिसिसिपीकडचा, पिल्लू असताना वीतभर, देखणं, म्हणून लोकं घेतात आणि मग टाकीत मावेना की कुठंतरी सोडतात. २०२३ मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात असलाच एक सापडला होता. तिथं तो काय विमानानं गेला नसणार.

आणि मग मामा. एका टाकीवर लाल अक्षरात 'खतरनाक पिरान्हा, काचेला हात लावू नये', आत पोट लाल असलेले चपटे मासे. मामांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पिरान्हा कसला रं, रूपचंद हाय की ह्यो! दर रविवारी आणतोय मी." मागची दोन पोरं फिस्सकन हसली. मामा बरोबर होते. रूपचंद म्हणजे पाकू, पिरान्ह्याचा चुलतभाऊ, त्याचे दात माणसाच्या दाढांसारखे सपाट, फळं-बिया फोडायला. हा पण अ‍ॅमेझॉनकडचाच मासा, पण आपल्या बाजारात इतका मुरलाय की मामांना तो कृष्णेचाच वाटतो. चिलापीचं पण तेच, मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणली आणि आता कुठल्याही तळ्यात गळ टाका, चिलापीच लागणार. बोगद्यात मात्र चिलापी कोणी ठेवत नाही, तिचे शंभर रुपये कोण देईल.

बाहेर पडायच्या वाटेवरच दुकान (सगळ्या प्रदर्शनांत असतंच ते). लाल कानाची कासवं नाण्याएवढी, गोल्डफिश, आणि एका ट्रेमध्ये काळी ठिपकेदार पिल्लं, काचेला तोंड चिकटवून बसलेली. सकर. चाळीसला एक. पुतण्या लगेच, काका आपल्याकडं होता ना असा, घेऊया ना. दुकानदार पण लगेच, "घ्या की साहेब, टाकी चकाचक ठेवतंय, मोठा झाला तर नदीत सोडायचा, हाय काय त्यात."

आमच्याकडं होता. गावभागातल्या जुन्या घरी, खालच्या खोलीत, तीन फुटी टाकी, त्यात हा, २०१७ ला घेतला तेव्हा बोटाएवढा. शेवाळ खातो म्हणून घेतला आणि दोन वर्षांत वीतभर झाला, रात्री लाईट लावली की खडखड करत लाकडामागं पळायचा. मग २०१९ चा ऑगस्ट, महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही आईची औषधं, गॅसची शेगडी, कागदपत्रं वर नेली आणि मग बोटीतनं बाहेर पडलो, टाकीकडं बघायला वेळ कुणाला होता. परत आलो तर खोलीत गुडघाभर गाळ, टाकी जागच्या जागी, काच पण फुटली नव्हती, आत चिखल आणि मासा एक पण नाही. गोल्डफिश मेले असतील. सकर मेला असेल असं मी कधीच धरलं नाही, कारण ती जात पाण्याबाहेरसुद्धा तासन् तास जगते, हवा गिळून पोटातनं श्वास घेते. आणि टाकी काय आमच्या एकट्याच्याच घरी होती? गावभागात त्या वर्षी किती टाक्या अशा कृष्णेत रिकाम्या झाल्या असतील कुणास ठाऊक.

हे मी विसरून पण गेलो होतो. मागच्या उन्हाळ्यात हरिपूरला संगमावर गेलो तर एक मासेवाले आजोबा जाळं सोडवत बसलेले, शिव्या देत. जाळ्यात काळं, खरबरीत, चिलखत घातल्यासारखं काहीतरी, पंखाचा काटा दोऱ्यात आरपार घुसलेला. म्हणाले, "खायला उपेगाचं न्हाई, इकायला न्हाई, जाळं तेवढं फाडतंय बघा." कात्रीनं जाळंच कापलं त्यांनी शेवटी. तिकडं उजनी धरणातले मासेमार पण ह्याच्याच नावानं रडतात. वर हा अंडी घालायला काठात बिळं पाडतो, म्हणजे काठ ढासळायला मदत. अरापैमा घरी ठेवायचा तर २०२४ पासून केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायला लागते, चाळीस रुपयांच्या सकरला काहीच नाही. पिशवीत घाला आणि चला.

आजोबांनी तो काठावर फेकला. मी बराच वेळ बघत उभा होतो, ठिपके ओळखीचे वाटतात का म्हणून, येडेपणाच, सगळ्या सकरचे ठिपके सारखेच. अर्ध्या तासानं निघालो तेव्हा पण त्याची शेपटी हलत होती.

तर दुकानात मी नाही म्हटलं. पुतण्याचं तोंड एवढंसं झालं, मामांनी मध्ये पडून त्याला भडंग घेऊन दिलं, आणि परत येताना आयर्विन पुलावर गाडी हळू केली तर तो मागनं पाण्याकडं बघत म्हणाला, "काका, आपला मासा आता केवढा असंल?"

मी म्हटलं, "दीड फूट."

मामा म्हणाले, "खाता येत असता तर बरं झालं असतं."