रेड अलर्टची सुट्टी आणि शंभर हीर

जुलैत रात्री उशिरा मोबाइलवर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येतो: उद्या शाळांना सुट्टी. एक दिवस म्हणता म्हणता तीन होतात. वीज जाते, पाठोपाठ रेंज जाते आणि शाळेच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा शाळा आधीच बंद होत्या आणि कित्येक गावांत दिवसेंदिवस वीजही नव्हती. म्हणून पहिली-दुसरीच्या पोराचा घरचा अभ्यास मोबाइलवाचून होईल, असाच बेतावा.

अशा दिवशी बहुतेक घरांत ‘शंभरपर्यंत आकडे लिहून काढ’ एवढंच होतं. बघून उतरवताना मूल डोकं वापरतच नाही. त्यापेक्षा पावसाच्या एका आठवड्यात एकच गोष्ट धरा: २१ ते ९९ मधला आकडा ऐकून बरोबर लिहिता येणं.

‘पंचवीस’ म्हटलं की मूल ५२ लिहितं. ते बेफिकीर नाही. आपण बोलतो आधी पाच, मग वीस, आणि लिहितो आधी दोन, मग पाच. मूल कानाला इमानदार राहतं म्हणून चुकतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली, त्यावर केवढा गदारोळ झाला! माझं मत विचाराल तर दोन्ही म्हणा. ‘वीस पाच, पंचवीस’. जुना शब्द सुटत नाही आणि लिहिताना हात अडत नाही.

सामान म्हणजे खराट्याचे शंभर हीर, म्हणजे काड्या. मोठ्या माणसाने ते चार-चार इंचांचे कापावेत आणि टोकं जांभ्याच्या दगडावर घासून बोथट करावीत, नाहीतर बोटात घुसतात. दहा रबरबँड लागतील. जुड्या तुम्ही बांधून देऊ नका. मुलाने स्वतः मोजून दहा-दहाच्या बांधायच्या. पहिला दिवस त्यातच जाईल, जाऊ द्या. एखादी जुडी नऊची निघेलच. ती चूक पुढे त्याची त्यालाच सापडते.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या शेजारी बसा, समोर नको. समोर बसलात की त्याचं डावं तुमचं उजवं होतं आणि सगळा घोळ होतो. ‘पंचवीस’ म्हणा. डावीकडे दोन जुड्या, उजवीकडे पाच सुटे हीर. आधी मांडणी, मग त्याच क्रमाने पाटीवर २ आणि ५. रोज आठ-दहा आकडे पुरे, वेळ वीस मिनिटं. ३६ आणि ६३, ४७ आणि ७४ अशा जोड्या मुद्दाम द्या.

खरी अडचण ‘एकोण’ची. एकोणतीस म्हटलं की कानात ‘तीस’ घुमतं आणि मूल ३९ लिहितं. तिथे तीन जुड्या मांडायला सांगा आणि म्हणा, “यातला एक उणा कर.” एक हीर काढल्यावर शेवटची जुडी नऊची उरते, नऊची जुडी चालत नाही, म्हणून ती सोडायची. समोर राहतात दोन जुड्या आणि नऊ सुटे. रबर काढून ते नऊ हीर जमिनीवर पसरतात, त्या क्षणी एकोण म्हणजे काय ते कळतं. एकोणचाळीस, एकोणपन्नास त्याच वाटेने. नव्व्याण्णव मात्र या चालीतलं नाही, ते वेगळं सांगा.

हीर नसतील तर चिंचोके चालतात, पण जुडी बांधता येत नाही, म्हणून दहा-दहा करवंटीत टाकावे लागतात. काजूच्या बिया नकोत. कवच फुटलं तर आतल्या तेलाने कातडी भाजते. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल, तर चिंचोके नाकात-घशात जातात. तिथे हीरही मोजून काढा, मोजून ठेवा.

लिहिताना बोटं लवकर दमत असतील, तर बिरडं सोलायला बसवा. भिजवून मोड आणलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकायचे, अंगठा आणि पहिल्या बोटाने टोकाशी दाबायचं, की दाणा सुळकन बाहेर येतो. पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. सोललेले दाणे दहा-दहाने वाटीत टाकू द्या.

अक्षरांसाठी मे महिन्यातच लाल माती उन्हात वाळवून, पिठाच्या चाळणीने चाळून डब्यात भरून ठेवा. पावसात ती दमट होऊन बोटाला चिकटते, मग काही उपयोग नाही. स्टीलच्या ताटात अगदी पातळ थर द्या; बोट फिरलं की खालचं ताट चकाकतं आणि अक्षर स्पष्ट उठतं. जाड थरात कडा ढासळतात. ग, म, भ, न एवढ्यांनी सुरुवात करा, लगेच ‘गगन’, ‘नग’, ‘मन’ वाचता येतं.

गोष्ट मात्र मुलाला घरच्या बोलीतच सांगू द्या. ‘खय गेल्लंस?’ला मध्येच ‘कुठे गेला होतास’ करू नका, बोलणं तिथेच तुटतं. तो बोलेल तसं तुम्ही लिहून घ्या आणि बोट ठेवून त्याच्याकडून वाचून घ्या. स्वतःचं वाक्य मूल अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचतं.