सकाळी पास, दुपारी रिजेक्ट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात पार्टीकडून माल परत आला. कुठे लूप, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे फास, ओढलेले, कुठे तेलाचे पुसट डाग. मालक थेट चेकिंग टेबलाशी आले. "मॅडम, ती धाकटी चेकर बदला. बाकी दोघींचं बरोबर जुळतंय." सुपरवायझरने चालू मालातले शंभर नग त्या दोघींना दाखवले होते, ८४ नगांवर एकमत झालं होतं.

मला तो आकडा पटेना. दोघीही शंभरातले नव्वद पास करत होत्या. टॉवेलकडे न बघता नव्वद-नव्वद पास केले असते, तरी साधारण ८२ नग योगायोगानेच जुळले असते: ८१ दोघींकडे पास, एक दोघींकडे रिजेक्ट. हा योगायोग वजा करून जुळणी मोजायची रीत जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडली, तिला कापा म्हणतात. १ म्हणजे पूर्ण एकमत, शून्य म्हणजे निव्वळ नशीब. ०.७५ च्या वर चांगलं आणि ०.४० च्या खाली वाईट धरतात. आमचा येत होता ०.११. एवढ्यावर कुणाची रोजीरोटी काढायची?

मी ५० टॉवेल निवडले, निम्मे सदोष, त्यातले बरेच पास-रिजेक्टच्या सीमेवरचे. पार्टीने पास केलेल्या नमुन्याशी ताडून प्रत्येकाचा निकाल आधीच लिहून ठेवला. नंबर पट्टीच्या आत, चेकरला दिसणार नाही असा. सकाळी एक फेरी, दुपारी क्रम बदलून दुसरी.

धाकटी सगळ्यांत स्थिर निघाली. दुसऱ्या टेबलावरची मात्र डागाचा तोच टॉवेल सकाळी पास करायची, दुपारी रिजेक्ट. तिच्या डोक्यावरची ट्यूब फडफडत होती आणि दुपारी खिडकीतलं ऊन थेट टेबलावर यायचं. तेलाचा पिवळट डाग अशा उजेडात कुणाला धड दिसणार?

तिसऱ्या चेकर अक्का, त्यांचा निकाल वेगळाच. दोन्ही फेऱ्यांत स्वतःशी तंतोतंत, पण ओढलेल्या लूपचे जवळजवळ सगळे नग पास. मी विचारलं, तर त्यांनी कात्री उचलली, लूप बुडाशी कापला आणि टॉवेल झटकून माझ्यासमोर धरला. "बघा मॅडम, आता काय दिसतंय? खालची वीण पक्की असते, उसवत नाही." खरंच होतं ते. आधीच्या कारखान्यात हेच चालायचं. आमच्याकडे किती लूप कापलेले चालतील, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. याचा मला फार राग आला, आणि मालकांसमोर मी तो बोलून दाखवला.

ट्यूब बदलली, खिडकीला पडदा लागला. प्रत्येक टेबलावर चालणारा शेवटचा आणि न चालणारा पहिला, असे खरे टॉवेल टांगले. पुढच्या तपासणीत लूपचा कापा ०.७५ च्या वर गेला. पांढऱ्या टॉवेलवरच्या पुसट डागांचा अजून जात नाही. ते नग वेगळे ठेवतो आणि अक्का व धाकटी मिळून निकाल देतात.