घड्याळाविना सिंहगड

पुण्यात रविवारी पहाटे सिंहगड चढून येण्याची रीत इतकी घरोघरची आहे की, त्या वाटेवर कोणी धावताना दिसले तरी त्याचे कुणाला विशेष नवल वाटत नाही. गेल्या काही वर्षांत आम्हा धावणाऱ्यांचा एक सैलसर मेळा गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीत जमू लागला आहे. त्याला नाव नाही आणि वर्गणीही नाही. शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या साडेपाच, पायथा’ एवढाच निरोप येतो आणि ज्यांना जमेल ते येतात. या धावण्याला रीतसर शर्यतीचे रूप द्यावे, छातीवर क्रमांक लावावेत, वेळा नोंदवाव्यात, अशी सूचना अलीकडे काही जणांनी मनापासून केली. ती स्वीकारू नये असे माझे ठाम मत आहे आणि त्याची कारणे त्या वाटेतच आहेत.

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. आतकरवाडीहून गडाच्या पुणे दरवाजापर्यंतची पाऊलवाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास भरते आणि तेवढ्या अंतरात जवळपास सहाशे मीटरची चढण आहे. सपाटीवर दहा किलोमीटर सहज धावणारा माणूसही येथे पहिल्या काही मिनिटांतच धापा टाकू लागतो. चढ एका मर्यादेपलीकडे गेला की धावण्यापेक्षा झपाझप चालण्यातच शक्ती कमी खर्च होते. त्यामुळे आमच्यातले सर्वांत वेगवान गडीही अर्धी वाट गुडघ्यांवर हात रेटत चालूनच काढतात. नवख्यांना हे आधी सांगावे लागते, कारण चालावे लागले म्हणजे आपण कमी पडलो, असा त्यांचा उगाच समज होतो.

खरा कस उतारावर लागतो. येथील काळा पाषाण पावसाळ्यात शेवाळतो. पाऊस ओसरून वाट वाळली की वर मुरमाचा पातळ थर उरतो, आणि त्या घसाऱ्यावर पाय ठेवताना बुटाचा तळवा कितीही चांगला असला तरी भरवसा धरता येत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात, म्हणून त्या दिवशी काही जाणवले नाही तरी मंगळवारी जिना उतरताना मांड्या बोलू लागतात. याहून गंभीर बाब सुट्या दगडांची. घाईत पडलेल्या एका पावलाने सुटलेला दगड खालच्या वळणावरच्या माणसापर्यंत पोहोचायला क्षणभरही लागत नाही. म्हणून आमच्यात एक नियम अगदी काटेकोरपणे पाळला जातो: दगड सुटला की सुटला त्याच क्षणी मोठ्याने ‘दगड!’ अशी हाक द्यायची आणि खालच्यांनी वर न पाहता डोंगराच्या अंगाला सरकायचे. वेळ नोंदवली जाऊ लागली, तर माणसे सर्वाधिक सेकंद उतारावरच वाचवू पाहतील आणि त्या सेकंदांची किंमत वाटेवरचे दुसरेच कोणीतरी मोजेल.

ती दुसरी माणसे कोण, हेही पाहिले पाहिजे. रविवारी या वाटेवर शाळकरी मुले असतात, हाती काठी घेऊन वर्षानुवर्षे गड चढणारे सत्तरीचे काका असतात, आणि गडावर पिठलं-भाकरी, ताक, मडक्यातले दही विकून घर चालवणारी पायथ्याच्या गावांतली मंडळी असतात. डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेऊन चढणाऱ्या मावशींना मी अनेकदा जवळून पाहिले आहे. मान ताठ, पावले लहान, वळणावर क्षणभरही न थांबणारी. एका हाताने पाटीचा काठ धरलेला, दुसऱ्याने नेसत्या लुगड्याचा ओचा किंचित उचललेला. आमच्या पाण्याच्या पिशव्या आणि हलके बूट त्यांच्यापाशी नसतात, तरीही त्यांची लय मोडत नाही. त्या दिसल्या की आम्ही दरीकडची नव्हे तर डोंगराकडची बाजू धरून थांबतो आणि त्यांना पुढे जाऊ देतो. ज्याला क्रमांकाची ओढ लागली आहे, तो असे थांबेल का, याची मला शंका आहे.

पुणे दरवाजाची प्रवेशद्वारे एकामागून एक अशी तीन आहेत. पहिल्या दरवाजापाशी आमचे धावणे संपते आणि तेथून पुढे आम्ही चालतच आत जातो. तानाजी मालुसरे यांनी ४ फेब्रुवारी १६७० रोजी ज्या गडासाठी प्राण वेचले आणि जेथे छत्रपती राजाराम महाराजांची समाधी आहे, तेथे कोपरे मारत पुढे घुसणे आम्हाला कुणालाच योग्य वाटत नाही. देवटाक्याचे थंड पाणी तोंडावर मारायचे, हवा स्वच्छ असेल तर राजगड आणि तोरणा न्याहाळायचे आणि शेवटचा माणूस येईपर्यंत थांबायचे. येथे पहिला कोण आला हे पुष्कळदा लक्षातही राहत नाही; शेवटचा कोण आहे आणि तो कुठवर पोहोचला आहे, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असते. रीतसर स्पर्धेत ही काळजी नेमलेल्या स्वयंसेवकांकडे सोपवली जाते. आमच्याकडे ती सगळ्यांची आहे आणि म्हणूनच पहिल्यांदा येणारी, वजन जास्त असलेली, मुले वाढवून चाळिशीत धावू लागलेली माणसे पुन्हा येतात.

शर्यतीचा आग्रह धरणाऱ्यांची एक सूचना मात्र मला पूर्णपणे पटली आहे: कुणाचा पाय मुरगळला तर काय करायचे, हे आधी ठरलेले असावे. तेव्हा पुढच्या रविवारपासून सर्वांत मागे राहणाऱ्या दोघांकडे ताणपट्टी, शिट्टी आणि बॅटरी असेल, पायथ्याशी निघताना आणि परतल्यावर माथी मोजली जातील, आणि आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर धाव रद्द करून सकाळी पाचच्या आत तसा निरोप दिला जाईल.