वाय-अक्षावर युनिट नव्हतं

मंगळवार, रात्रीचे साडेबारा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. गेले तीन आठवडे डोक्यात एकच विषय आहे, थर्ड इयर संपलं की मोठ्या सुट्टीत परदेशात इंटर्नशिपला जायचं, आणि आत्तापर्यंत मी नुसते टॅब उघडतेय आणि बंद करतेय. एक एक्सेल शीट केलीय, त्यात देश, किती आठवडे, पैसे देतात का, शेवटची तारीख असे कॉलम. १९ ओळी झाल्यात. आज ती शीट बघता बघता लक्षात आलं की पहिलाच कॉलम देशाचा आहे आणि तिथे जाऊन करायचं काय, हा कॉलम मी केलेलाच नाही. जरा वाईटच वाटलं स्वतःचं.

माहिती मात्र भरपूर गोळा झालीय. आयएस्टे ही संस्था १९४८ पासून टेक्निकल शाखांच्या मुलांची देशादेशांत अदलाबदल करते, म्हणजे आमच्यासारख्यांना तेव्हापासून कोणीतरी पाठवतंय हे वाचूनच बरं वाटलं. कॅनडाचा मायटॅक्स ग्लोबलिंक १२ आठवड्यांचा, त्यात तिकडच्या प्रोफेसरांचे प्रोजेक्ट यादीतून निवडायचे, आणि अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा समर प्रोग्रॅम ८ ते १३ आठवड्यांचा, त्यात लेक्चर्सही असतात आणि टीमसोबत कामही, शिवाय फिजिक्सवालेच नाही तर इंजिनिअरिंगवालेसुद्धा घेतात. इरास्मस या युरोपियन युनियनच्या योजनेतून २ ते १२ महिन्यांची ट्रेनीशिप मिळू शकते पण युरोपबाहेरच्यांना त्यासाठी आपल्या कॉलेजचा तिकडच्या युनिव्हर्सिटीशी करार लागतो, आमचा नाहीये, ती ओळ काढून टाकली.

जर्मनीतल्या जाहिरातींनी दोन दिवस गोंधळ घातला. प्रत्येक ठिकाणी विचारतात, इंटर्नशिप तुमच्या अभ्यासक्रमात सक्तीची आहे की तुमच्या मर्जीची? म्हटलं यांना काय करायचंय त्याच्याशी. मग कळलं की तिकडे २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आहे, अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप त्यातून वगळलीय, आणि शिकता शिकता स्वतःहून केलेली तीन महिन्यांपेक्षा लांबली तर तो कायदा लागू होतो. म्हणून कंपन्या आधी कॉलेजचं पत्र मागतात. साधा वाटणारा प्रश्न, पण उत्तर चुकलं तर अर्ज तिथेच बाजूला. उद्या ऑफिसमध्ये जाऊन आमच्या सिलॅबसमध्ये नक्की काय लिहिलंय ते बघते.

व्हिसाचंही तसंच. मी मनात हिशोब केला होता की १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, शेंगेनमध्ये (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, झालं की काम! पण राहायला मिळणं वेगळं आणि काम करायची परवानगी वेगळी, ती प्रत्येक देश आपापल्या कायद्याने देतो. हे आधी कळलं ते बरं झालं.

बुधवार

एका एजन्सीचा फोन. 'गॅरंटीड प्लेसमेंट', फी आधी भरायची, देश आपण निवडायचा. कागद पाठवला त्यात लिहिलंय रिसर्च, अ‍ॅडमिन आणि इतर कामं. मी विचारलं माझा सुपरवायझर कोण असेल, तर म्हणाले ते तिथे गेल्यावर ठरतं. आई बाजूलाच होती, ती एवढंच म्हणाली, "अगं, शिकवणार कोण हे माहीत नसताना पैसे कसले भरायचे?"

संध्याकाळी ताईशी बोलले. ताई म्हणजे आमची सीनियर, मागच्या वर्षी अमेरिकेत जाऊन आली. तिने मला एक फॉर्म बघायला सांगितला, डीएस-७००२. जे-१ या तिकडच्या एक्स्चेंज व्हिसावर इंटर्न म्हणून जायचं असेल तर तो भरावा लागतो. मी त्याला नुसता सरकारी कागद समजत होते पण वाचायला बसले आणि वाचतच राहिले. त्यात कामाचे टप्पे पाडून लिहायचं, प्रत्येक टप्प्यात काय शिकणार, कुठली कौशल्यं, कोण देखरेख करणार, शिकलं की नाही ते कसं तपासणार, आणि खाली इंटर्नची, सुपरवायझरची, आणि व्हिसासाठी जबाबदारी घेणाऱ्या संस्थेची, म्हणजे स्पॉन्सरची सही. आठवड्याला किमान ३२ तास काम हवं, आणि कारकुनी काम २० टक्क्यांच्या वर नको असा नियमच आहे. म्हणजे कोणाला तरी आधीच कळलं होतं की मुलांना बोलवून फायली लावायला बसवतात.

मला अमेरिकेला जायचंय असं काही नाही, पण त्या फॉर्ममधले प्रश्न मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले आणि शीटमधल्या प्रत्येक ओळीला लावून बघितले. १९ पैकी ६ ओळी उरल्या. हे खूप मोठं वाटलं मला, कारण इतके दिवस कुठे जाऊ, कुठे जाऊ चाललं होतं आणि आता कोणाच्या शेजारी बसून काय शिकू हे दिसायला लागलं.

शनिवार

हे लिहिलंच पाहिजे. मी इंटर्नशिपसाठी थेट २२ प्रोफेसरांना मेल केले होते, सोबत आमच्या प्रोजेक्टचा ग्राफ. प्रोजेक्ट मोटरच्या बेअरिंगचा आहे, बाहेरच्या रिंगला चीर गेली असेल तर आतला प्रत्येक बॉल तिच्यावरून जाताना बारीक ठोका बसतो, तो कानाला कळत नाही पण त्वरण मोजणारा सेन्सर लावून फ्रीक्वेन्सी काढली की ठराविक जागी टोक दिसतं. ते टोक आम्हाला सापडलं होतं, मला त्याचा फार अभिमान होता. चार जणांचं उत्तर आलं, तीन नकार, अगदी नीट शब्दांत. चौथ्या मॅडमनी एकच ओळ लिहिली होती, तुमच्या वाय-अक्षावर युनिट नाही, हा आकडा कशाचा आहे?

मी पंधरा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले. खरंच नव्हतं. सेन्सरमधून जे आकडे आले ते तसेच ग्राफवर घातले होते, आणि दोन प्रेझेंटेशनमध्ये कोणीच विचारलं नाही, मीही नाही.

मग सेन्सर काढला. टेबलावर सपाट ठेवला, वाचन घेतलं, उलटा केला, परत घेतलं. एकदा गुरुत्वाकर्षण एका बाजूने, एकदा दुसऱ्या बाजूने, म्हणजे दोन आकड्यांतला फरक बरोबर २ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), आणि त्यावरून एक जी म्हणजे सेन्सरचा किती आकडा ते कळतं. टेबल थोडं तिरकं होतं म्हणून खाली कागदाच्या घड्या घालून सरळ केलं, दहा दहा वेळा वाचनं घेतली, सरासरी काढली. सगळा ग्राफ परत बनवला, बाजूला 'त्वरण (जी)' असं लिहिलं, आणि कसं मोजलं ते चार ओळींत लिहून पाठवलं. रात्री अकरा वाजले होते. बाबा पाणी प्यायला उठले होते, ते दारात उभे राहून म्हणाले, अजून जागीच? मी त्यांना सेन्सर उलटा-सुलटा करून दाखवला, त्यांनी पूर्ण ऐकलं.

सोमवार

मॅडमचं उत्तर आलं! गुरुवारी व्हिडिओ कॉल. जागा मिळेलच असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही, फंडिंगचं बघावं लागेल असं स्पष्ट लिहिलंय, म्हणून ग्लोबलिंकचा आणि बाकी पाच अर्जही भरणार आहेच. पण खरं सांगू, एका ओळीच्या मेलमधून ज्यांनी मला एवढं शिकवलं त्यांच्या लॅबमध्ये १२ आठवडे बसायला मिळालं तर देश कुठला आहे याने मला काहीच फरक पडणार नाही. आणि त्या देशाचं नाव मी अजून शीटमध्ये भरलेलंच नाहीये, आत्ता लिहिताना लक्षात आलं.

वहीच्या मागच्या पानावरचे तीन प्रश्न कॉलसाठी वेगळे काढलेत. रोज कोणासोबत काम करेन, पहिल्या महिन्याच्या शेवटी मला काय यायला हवं, आणि चुकलं तर कोणाला विचारायचं. गुरुवारपर्यंत जुने बाकीचे सगळे ग्राफ काढून युनिट तपासायची आहेत, एकूण अकरा आहेत, आज चार झाले.